यादीतलं एक नाव

मंगळवार, संध्याकाळ

आज आमच्या पोलीस ठाण्याच्या संशयितांच्या यादीतलं एक नाव खोडलं. बजाजनगरचा रफिक वेल्डर. चार वर्षांपूर्वी मीच लिहिलं होतं, 'घरी लोखंडी पाईप आणतो', तेही शेजाऱ्याच्या सांगण्यावरून. स्वतः जाऊन बघायला काय झालं होतं मला?

नव्या साहेबांनी हुकूम काढला, दरवर्षी प्रत्येक नावाचं कारण जागेवर जाऊन तपासा, नसंल तर खोडा. लई चिडलो होतो. गेलो, तर त्या पाईपांचे पाळणे!

यादीतल्या नावामुळं रफिकचा पासपोर्ट अडला होता. "साब, आता तरी पासपोर्ट मिळंल ना?" त्यानं विचारलं.

मिळंल म्हटलं. नाव कुणी घातलं होतं, ते नाय सांगितलं.

हलकं वाटतंय. येणाऱ्या नातवंडासाठी पाळणा सांगून आलो. त्यानं ऑर्डरच्या वहीत माझं नाव लिहिलं, पण आधी ते बरोबर हाय ना, हे दोनदा विचारून घेतलं.