आईचे दहा शब्द

श्रीगोंदा,
११ फेब्रुवारी

चि. अमृत यास,

पुष्पाताईचे आशीर्वाद. शाळा, घर, आमच्या ह्यांचे गुडघे, सगळं जागच्या जागी आहे. कांदा काढायला आला आणि भाव पडला, म्हणजे तेही नेहमीचंच. फोन केला की तू मीटिंगमध्ये असतोस, म्हणून पत्र लिहिते आहे.

तुझ्या बक्षिसाची बातमी वाचली. म्हातारपणातल्या स्मरणशक्तीवरचं संशोधन, आणि शेजारी आपल्या आईचा हसरा फोटो. एकत्र राबणाऱ्या बायकांची स्मृती शाबूत राहते म्हणे! आमच्या हेडमास्तरांनी परिपाठाला मोठ्यानं वाचून दाखवलं. मी पेढे वाटले नाहीत.

आई सध्या माझ्याकडे आहे. मागच्या आठवड्यात काष्टीच्या वस्तीवर गेले, तर ती गोठ्याशेजारच्या खोलीत. बाहेरून कडी. लुगडं ओलं, आणि गालावर बोटं उमटलेली. गोरखदादाला विचारलं, तर तो माझ्यावरच उखडला. "नाटकं करती गं ती! अमृतनं तपासलंय न्हवं? तिचं डोकं आपल्यापरीस चांगलं हाय. मुद्दाम घान करती, आमाला छळायला."

आणि तो खोटं बोलत नव्हता, अमृत. त्याला खरंच तसं वाटतं. डॉक्टर झालेल्या धाकट्या भावानं सांगितलंय ना!

दिवाळीत मी तुला रडून सांगितलं होतं, आई मला ओळखत नाही. तू व्हिडिओवर तिला तुझ्या तपासणीतले ते दहा शब्द वाचून दाखवलेस आणि थोड्या वेळानं परत विचारलेस. नदी, कुलूप, आरसा, घोडा... तिनं घडाघडा म्हटले. "ताई, आई ठणठणीत आहे, तू उगाच घाबरतेस," म्हणालास. दादा मागेच उभा होता. त्यानं ते ऐकलं.

ते शब्द तिला का येतात ते मलाही परवाच कळलं. तुझ्या संशोधनाच्या पहिल्या वर्षी तुझी माणसं मारुतीच्या देवळात म्हाताऱ्यांची तपासणी करून गेली. बायकांना वाटलं, ही अमृतचीच परीक्षा आहे, आपण नापास झालो तर पोराची नोकरी जाईल. म्हणून आईनं खुरपताना त्या दहा शब्दांची ओवी बांधली आणि सगळ्या वस्तीकडून पाठ करून घेतली. पुढच्या वर्षी तू तेच शब्द घेऊन आलास, आणि म्हाताऱ्या पहिल्या नंबरानं पास.

एवढंच असतं तर मी तुला भाबडा म्हणून सोडून दिलं असतं. पण हे सांगितलं शेजारच्या रंगुबाईनं. ती आईला बघायला आली होती. सांगताना हसत होती. "आमी तवाच अमृतला वव्ही म्हनून दाखवली की! त्यो बी लई हसला. म्हनला, मावशे, आता कुनाला सांगू नगं."

मला हसू आलं नाही. मला तुझी किळस आली. लिहायचं नव्हतं, पण लिहिलं.

आता कामाचं. दादा रविवारी टेम्पो घेऊन आईला न्यायला येतोय. आई लेकीच्या दारात राहिली तर भावकी त्याच्या तोंडात शेण घालेल, म्हणून. माझं तो ऐकत नाही, तुझं ऐकेल. रविवारच्या आत त्याला फोन कर आणि सांग, आई आजारी आहे, ती नाटक करत नाही, माझी तपासणी चुकली. तुझ्या बक्षिसाचं काय व्हायचं ते होवो. तू फोन केला नाहीस तर मी दारात आडवी पडेन, पण तिला त्या कडीमागे जाऊ देणार नाही.

आज तिची वेणी घालत होते. मला म्हणाली, "बाई, लई जीव लावती तू. तुला कुनी भाऊ हाय का?"

मी म्हटलं, आहे की, एक. काष्टीला असतो, शेती करतो. हात उचलणारा आहे, पण त्याला कुणी खरं सांगितलं नव्हतं.

दुसरा माझ्या तोंडातून निघालाच नाही.

कडूबाईची मुलगी,
पुष्पावती