पायऱ्या पाडण्याबाबत

लिहून ठेवणार : राजकुमार फुलसिंग आडे, वय ६८, धंदा आर्किटेक्ट, राहणार नेर, जिल्हा यवतमाळ. माझे डोके ठिकाणावर आहे, हृदयाची झडप तेवढी नाही. सोमवारी नागपूरला ऑपरेशन आहे. कोणाचा दबाव नाही. उलट सगळे म्हणतात, स्वस्थ पडा. तेच मला जन्मात जमले नाही. म्हणून हे माझे पहिले व शेवटचे मृत्युपत्र.

१. राहते घर व बँकेतील ठेव पत्नी नंदाबाई हिला. स्वयंपाकघराची खिडकी उंच झाली असे ती तीस वर्षे सांगते. बरोबर सांगते. खिडकी नऊ इंच खाली घ्यावी.

२. ड्रॉइंग बोर्ड, टी-स्क्वेअर आणि माझी याडी, म्हणजे आई, रुपीबाई हिने आरसे लावून भरलेली कांचळी, म्हणजे चोळी, नात सुरभीला. ती सिव्हिल शिकली आहे. बाईला समोर उभे केल्याशिवाय याडी कापडाला कात्री लावत नसे. माझे सगळे शास्त्र एवढेच. माणूस कुठे बसतो, कुठे भांडतो, कुठे रडतो ते आधी बघा, मग रेघ ओढा. चाळीस वर्षे हे जगाला शिकवले आणि स्वतःच्या बंजारा तांड्यात विसरलो.

३. शेजारी किसनराव यांना काही नाही. त्यांच्या घराला मी ऐसपैस ओसरी दिली, त्यांनी तिला शटर ठोकून गोदाम केले. ते या कागदाचे साक्षीदार आहेत. वाचूनच सही करतील.

४. तांड्यातले सभागृह व त्याखालची जागा माझ्या नावावर आहे. १९९९ साली बांधले. जोते चार फूट, आठ पायऱ्या थेट डांबरी रस्त्यापर्यंत. होते नव्हते ते अंगण खाल्ले. गवंडी उकंडा टेकाम तेव्हाच म्हणाला होता, "साहेब, नवरीचा बैल कोठी उभा राहीन जी?" मी म्हणालो, "तू विटा लाव." आमच्यात सासरी निघताना नवरी बैलाच्या पाठीवर उभी राहून हवेली गाते, रडत-गात तांड्याचा निरोप घेते. मला माहीत नव्हते असे नाही. आर्किटेक्टांच्या स्पर्धेतल्या बक्षिसासाठी फोटो चांगला यायला हवा होता. बक्षीस मिळाले.

२००४ साली लेक अंजूचे लग्न तिथेच झाले. बैल रस्त्यावर, मागून एसटीचा हॉर्न, बैल बुजला. मी ओरडलो, "बस गाडीत, उशीर होऊन राह्यला!" ती हवेली न गाताच बसली. एकवीस वर्षांत तिने एकदाही तो विषय काढला नाही. काढला असता तर बरे झाले असते हो.

फेब्रुवारीत सुरभीचे लग्न आहे. तिच्या बापाला, म्हणजे माझा मुलगा बादल याला, पायऱ्यांच्या जागी दुकानांचे गाळे काढायचे आहेत. सबब अट अशी : लग्नाआधी आठही पायऱ्या व जोत्याचा पुढचा भाग पाडून मातीचे अंगण करावे. केले तर सभागृह बादलचे, नाही तर तांड्याचे.

५. बक्षिसाची ढाल उकंडाला द्यायची होती. साक्षीदाराला काही ठेवू नये म्हणतात, म्हणून आजच हातात दिली. तो म्हणाला, "मी हिचं काय करू जी?" मलाही ते कधी कळले नाही.

नेर, दि. १२ नोव्हेंबर २०२५

फेरबदल, दि. १४ नोव्हेंबर : कलम ४ ची अट रद्द. सभागृह बादलला बिनशर्त.

कारण, धीर धरवेना. काल सकाळी उकंडाला घेऊन तांड्यात गेलो. पहिला घण मी घातला. नंदाबाई व बादल मागोमाग आले. नंदाबाई ओरडली, "मराचं हाये काय तुमाले?" दुसरा घातला. तिसऱ्याला बादलने घण हिसकावला. वाटले, आता भांडतो. "बा, तू बस," म्हणाला आणि स्वतः पायरी फोडू लागला.

संध्याकाळपर्यंत पायऱ्या व जोत्याचा पुढचा भाग पडला. मग अंजूला फोन केला. म्हणालो, "अंगण मोकळं झालं. माझं चुकलं, बेटा." मग तिने फोनवरच हवेली सुरू केली. ती संपेपर्यंत मी जागचा उठलो नाही.

घणामुळे सही हलली आहे. पण ती माझीच आहे.

(सही) राजकुमार फुलसिंग आडे

साक्षीदार, दोन्ही वेळा समक्ष :
१. (सही) किसनराव देशमुख, नेर. शटर काढतो.
२. (अंगठा) उकंडा टेकाम, गवंडी