अप्पांच्या हडसनवरची वरची जागा

बीदर
मंगळवार, ११ फेब्रुवारी २०२५

चि. राजपाल यास ज्योत्स्नाअक्काचा जयभीम. आशीर्वाद तूर्त रोखून ठेवले आहेत.

आज सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी मी न्हाणीत होते आणि तू पाठवलेली दोन माणसं शेडमध्ये अप्पांच्या हडसनची मागची सीट उपटत होती. ठोकाठोकीचा आवाज ऐकून मी ओल्या केसांनी बाहेर आले. एकाच्या हातात लाकडी हातोडा. गाडीच्या मागे घडी करून ठेवलेल्या टपाचा जो वाकलेला सांगाडा आहे, त्यावर तो पहिला घाव घालणार होता. मी विचारलं की काय करायलास बाबा. तो म्हणाला की अम्मा, साब बोले टप सीधा करना, गाडी बिक गई. मी त्याला सांगितलं की साब पुण्यात बसून बोलतो. टप बीदरमध्ये आहे आणि टपाची अर्धी मालकीण आत्ताच तुझ्यासमोर उभी आहे.

दोघांकडून सीट परत बसवून घेतली. मग त्यांना उप्पीट आणि चहा दिला, कारण चूक त्यांची नव्हती. हैदराबादहून उपाशी आले होते बिचारे. जाताना हातोडेवाला हळूच म्हणाला की अम्मा, गाडी बहुत अच्छी है, पर पीछे कोई हाथी बैठा था क्या.

हत्ती नव्हे, नवरेनवऱ्या बसल्या होत्या. तू विसरला असशील म्हणून सांगते. त्या काळी आपल्यातल्या नवऱ्या मुलाला वरातीसाठी घोडा सहसा कुणी देत नसे. अप्पांनी वकिलीच्या पहिल्या चांगल्या वर्षात एका जहागीरदाराच्या कारभाऱ्याकडून ही उघडी अमेरिकन गाडी घेतली आणि जाहीर केलं की घोडा नको, आपण घोड्यापेक्षा उंच बसवू. तेव्हापासून मुडबीच्या आपल्या गल्लीत नवरानवरी गाडीच्या सीटवर बसत नाहीत. घडी केलेल्या टपावर बसतात, पाय सीटवर. इतकी लग्नं त्या टपाने पेलली, त्याला पोक येणारच. माझ्या जन्माआधीपासून ते टप वर गेलेलं नाही आणि कुणाचं काही अडलेलं नाही.

आपल्या गल्लीतल्या नागव्वाच्या लेकीचं, विजयश्रीचं, लग्न २ मार्चला आहे. दिवाळीतच मी तिला गाडीचा शब्द दिलाय. तू कुणाला काय शब्द दिलास, कधीचा दिलास, आणि बहिणीला न विचारता कामून दिलास, हे मला कागदावर हवं. व्हॉट्सअ‍ॅपवर कळवू नकोस. तिथे तू निळ्या खुणा दाखवून पसार होतोस.

माझ्या भावजयीला, प्रेरणाला, लोभ सांग. तुझ्या वाट्याचा अजून विचाराधीन आहे.

तुझी
ज्योत्स्नाअक्का


पुणे
१५ फेब्रुवारी

ती. अक्कास राजपालचा जयभीम. रोखलेले आशीर्वाद सुटावेत या आशेने लिहायला बसलोय.

न सांगता माणसं पाठवली, ही चूक झाली. पण तीन दिवस फोन लावत होतो. तुझा फोन पिठाच्या डब्यावर वाजत राहतो आणि तू अंगणात मोगऱ्याशी भांडत असतेस, त्याला मी काय करू?

आता शांतपणे वाच. घेणारे मुंबईचे मोठे संग्राहक आहेत. अशी उघडी हडसन देशात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच उरली असेल, असं ते म्हणतात. त्यांचा वातानुकूलित हॉल आहे, तीसेक जुन्या गाड्या आहेत, प्रत्येकीसमोर पितळी पाटी. अप्पांचं नाव पाटीवर घालायला ते तयार आहेत. अटी तीनच: टप वर गेलं पाहिजे, मागचा पोचा काढला पाहिजे, आणि २८ तारखेला त्यांचा ट्रक आला की गाडी मिळाली पाहिजे. अक्का, टप वर जाणाऱ्या गाडीला कन्व्हर्टिबल म्हणतात. आपली आजच्या घडीला चार चाकांची टोपली आहे.

मी पैशासाठी हपापलेलो नाही, हे तुला ठाऊक आहे. मागच्या पावसाळ्यानंतर तू एकटी ती गाडी घेऊन मुडबीला निघालीस. हुमनाबादच्या अलीकडे ब्रेक लागला नाही आणि तू ती तुरीच्या भुसकटाच्या ढिगात घातलीस. मला फोनवर सांगितलंस की सावलीत पार्क केली. खरं काय ते मला ढिगाच्या मालकाने कळवलं. त्या रस्त्यावर ट्रक कसे धावतात ते तू बघतेस. प्रत्येक लग्नसराईत माझा जीव टांगणीला लागतो. अप्पांची गाडी मला प्रिय आहे, पण तुझ्यापेक्षा नाही. हे वाक्य मी पुन्हा लिहिणार नाही, तेव्हा जपून ठेव.

विजयश्रीसाठी २ मार्चला फुलांनी सजवलेली इनोव्हा सांगतो. एसी, गाणी, सगळं. भाडं माझ्याकडून आहेर समज.

प्रेरणा म्हणते की मी तुझ्याशी वाद घालण्याइतका मोठा अजून झालेलो नाही. राग कमी होऊन माया थोडी वाढली, तर उलट टपाली कळव.

तुझा
राजपाल


बीदर
१९ फेब्रुवारी

चि. राजपाल, जयभीम. ते एक वाक्य कापून कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवलंय. बाकी पत्रावर मला बोलायचं आहे.

इनोव्हा! नागव्वाला मी तुझा निरोप सांगितला. ती भाकरी थापत होती. थापता थापता थांबली आणि म्हणाली की अक्का, माझ्या लग्नात मी वर बसले, माझी सासू वर बसली, आता पोरगी कामून डब्यात बसंल? पापड हाय का ती? मग म्हणाली की राजपालअण्णाला सांग, एसीत घाम येत न्हाई पण दिसत बी न्हाई कुणाला. उत्तर द्यायचं काम मी तुझ्यावर सोपवलंय. तुला सुचलं तर तिला कळव.

गाडी विकूच नको, असं मी म्हटलेलं नाही. नीट वाचत जा. ब्रेक खरंच गेले आहेत, आणि ते भुसकट नसतं तर पुढे उसाची ट्रॉली होती. हे मी प्रथमच कबूल करते आणि पुन्हा करणार नाही. अशा गाडीला माझ्यापेक्षा तरुण गुडघे हवेत. प्रश्न एवढाच आहे की ती कुणाकडे जाते आणि २ मार्चच्या आधी जाते की नंतर.

म्हणून तुझ्या मुंबईच्या गृहस्थांना मी स्वतः फोन केला. कॉन्व्हेंटात सिस्टरांनी शिकवलेली इंग्रजी शाळेतून निवृत्त झाल्यापासून धूळ खात पडली होती, ती झटकली. अत्यंत सभ्य माणूस. मी विचारलं की गाडी चालवणार कोण. ते म्हणाले की कोणीच नाही, इंजिनची झीज होते. मी विचारलं की बसणार कोण. ते हसले आणि म्हणाले की मॅडम, भोवती मखमली दोरी असते. राजपाल, अप्पांनी ती गाडी घेतली कशासाठी आणि तू तिला दोरी बांधायला निघालास! पितळी पाटीवर नाव घालण्यापेक्षा त्यांनी अप्पांना एक शिवी दिली असती तरी मला कमी लागलं असतं.

आता दुसरी बातमी. गाडी विकायची तुझी जाहिरात वाचून रविवारी हुबळीहून गुरुबसव नावाचे एक गृहस्थ न कळवताच आले. पन्नाशीचे, पोट पुढे, बोटांना ग्रीस. त्यांच्याकडे चार जुन्या गाड्या आहेत आणि चारही रस्त्यावर धावतात. त्यांना मागचा पोचा दिसला. मी म्हटलं, आता हाही हातोडा मागणार. त्यांनी मला कन्नडमध्ये विचारलं की अक्का, इथे माणसं बसत होती ना? आणि चपला बाहेर काढून, वर चढून, बरोब्बर त्या पोच्यात बसले. पाय सीटवर. इकडेतिकडे सरकून जागा अजमावली. मग म्हणाले की हे सरळ करणारा मूर्ख असेल. मी त्यांना तुझं नाव सांगितलं.

ते मुंबईकरांपेक्षा कमी देतील. ब्रेक मात्र २ मार्चच्या आत स्वतः येऊन दुरुस्त करतो म्हणाले, सौदा होवो न होवो. माझं मत ठरलंय. गाडी अर्धी तुझी आहे, म्हणून विचारते. विचारण्यावर जाऊ नकोस, उत्तर एकच आहे.

प्रेरणाच्या गुडघ्याला तिळाचं तेल सुरू ठेव. मोठं होण्याची घाई नको, पण प्रयत्न दिसू दे.

ज्योत्स्नाअक्का


पुणे
२३ फेब्रुवारी

ती. अक्का, सप्रेम जयभीम. हे पत्र आडवं पडून लिहितोय, अक्षर वाकडं दिसलं तर कमरेला बोल लाव. तुझं पत्र आलं त्या दुपारी तावातावाने बॅग काढायला माळ्यावर चढलो आणि तिथेच कंबर धरली. डॉक्टरांनी पंधरा दिवस हलायचं नाही म्हणून सांगितलंय. तुझे शाप इतक्या वेगाने पोचतात, मग स्पीड पोस्टला पैसे कशाला घालतेस?

अक्का, मी कोंडीत सापडलोय. मुंबईकरांना मी होय म्हटलं होतं. कागद झालेला नाही, आगाऊ काही घेतलेलं नाही, पण तोंडाने दिलेला शब्द तो शब्दच. अप्पांनीच आपल्याला हे शिकवलं. तू नागव्वाला दिलेला शब्द खरा, मग माझा खोटा कसा? त्यांचा ट्रक २८ला पोचतोय. त्यांना नाही म्हणायला माझी जीभ उचलत नाही.

प्रेरणाने तुझं पत्र दोनदा वाचलं. मखमली दोरीपाशी थांबली आणि मला म्हणाली की तू गाडी विकायचा शब्द दिलास, सांगाडा ठोकायचा अधिकार तुला कुणी दिला होता? मग स्वयंपाकघरात गेली आणि भांडी जरा जास्तच जोरात लावली. माझ्याऐवजी लग्नाला ती येतेय. २७ला रात्री निघेल. ट्रकवाल्यांशी काय बोलायचं ते तुम्ही दोघी ठरवा. तुम्ही ठरवलेलं मला मान्य आहे. पडल्या पडल्या आणखी काय करणार?

कमरेसाठी तुझ्याकडचा काढा पाठव. सोबत थोडी दया येऊ शकली तर तीही.

तुझा आडवा भाऊ
राजपाल


बीदर
मंगळवार, ४ मार्च

चि. राजपाल यास ज्योत्स्नाअक्काचा जयभीम आणि साठलेले सगळे आशीर्वाद एकदम.

प्रेरणाने तुला फोनवर दोन मिनिटांत काय ते सांगितलं असेल. ती पुण्याची, बोलणं मोजून करते. मी सविस्तर सांगते.

२८ला सकाळी ट्रकवाल्याचा हुमनाबादहून फोन आला. मी घसा साफ करतेय तोवर प्रेरणाने माझ्या हातून फोन घेतला, तिथल्या तिथे मुंबईला लावला आणि सांगितलं की माझ्या नवऱ्याने एका टप वर जाणाऱ्या, पोचा नसलेल्या गाडीचा शब्द दिला होता. अशी गाडी आमच्याकडे नाही आणि होणारही नाही, म्हणून तो शब्द आम्ही माफी मागून परत घेतो. ट्रकचा खर्च आमचा. तिकडून ते गृहस्थ म्हणाले की ठीक आहे, लग्नाचे फोटो तेवढे पाठवा. सभ्य आहेत, मी आधीच लिहिलं होतं. ट्रकवाल्याला आम्ही जेवायला बोलावलं, तर तो लग्नापर्यंत राहिला.

आता वरात. तुला वाटलं असेल मी चालवली. गुरुबसवनी ब्रेक नवे घातले होते, मी चावी घेऊन बसणार, तेवढ्यात विजयश्री आली. शाळेत गणित शिकवते, तुला माहीत आहे. पण ब्रेक जाईपर्यंत वर्षभर दर रविवारी माझ्याकडे येऊन ती याच गाडीवर हात बसवत होती, ते तुला माहीत नाही. म्हणाली की अक्का, तुम्ही शेजारी बसा, गाडी मी घेते. मंडपात एकदम गलका. नवरीच गाडी चालवणार म्हटल्यावर एक म्हातारा म्हणाला की मग वर कोण बसंल? नागव्वा म्हणाली की नवरा बसंल की एकटा, पडायलाय का तो? आणि तो एकटा वर बसला, लालबुंद होऊन, दोन्ही हातांनी टप धरून.

गल्लीच्या वळणावर गाडी तापली. वरातीच्या चालीने चालवली की ती तापतेच, आणि ते आपल्याला नवं नाही. पहिल्या दारात पाण्याचा तांब्या तयार होता. मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. गुरुबसवना हा रिवाज ठाऊक नव्हता. दर घरातून बाई बाहेर येऊन नवऱ्या मुलाच्या आधी इंजिनाला पाणी देते, हे पाहून ते रेडिएटरवर ओलं पोतं धरून गाडीपुढे उलटे चालत राहिले, पोत्यावर तांबे रिकामे होत राहिले, आणि धोतराच्या सोग्याने ते डोळे पुसत होते. विचारलं तर म्हणाले की वाफ जाते डोळ्यांत.

विजयश्रीने गिअर एकदाही वाजवला नाही. कमानीपाशी तिने गाडी थांबवली, खाली उतरली आणि शालू सावरत वर चढून नवऱ्याशेजारी बसली. म्हणाली की चालवून झालं, आता बघू द्या लोकांना. तिथून मी नेली. ब्रेक उत्तम लागतात.

सौदा गुरुबसवशी झाला. एक वाक्य त्यांनी आपण होऊन कागदात घातलं: टपाचा पोचा काढायचा नाही, आणि मुडबीच्या गल्लीत लग्न असेल तेव्हा गाडी यायची. पुढच्या सोमवारानंतरच्या सोमवारी, म्हणजे १७ला, ते न्यायला येणार आहेत.

आणि आता जे प्रेरणाने तुला सांगितलेलं नाही. वरात संपली, पोरं जेवायला पळाली, मी फुलं गोळा करत होते. मागे वळून बघते तर प्रेरणा वर चढून बसलेली. तिळाच्या तेलाचे गुडघे घेऊन. मी विचारलं की काय करायलीस. ती म्हणाली की आमचं लग्न पुण्यात कचेरीत झालं, रिक्षाने घरी गेलो, तेव्हा काही वाटलं नव्हतं. मग तिने शेजारच्या पोच्यावर हात ठेवला आणि म्हणाली की हा माझ्या मापाचा नाही, जरा जाड माणसाचा आहे.

मी गल्लीत सांगून टाकलंय की तुमची राहिलेली वरात निघणार. रविवार, १६ मार्च, सायंकाळी पाच. विजयश्री चालवेल, तांबे भरलेले असतील, नागव्वाने बँड ठरवलाय आणि तो पैसे घेणार नाही म्हणतोय. प्रेरणा इथेच आहे. तिला मी परत पाठवणार नाही. काढा सोबत पाठवला आहे. दिवसातून दोनदा, नाक दाबून.

तेव्हा सोमवार, १० मार्च, सायंकाळी पाच वाजेपर्यंत तुझ्या हाताने लिहिलेलं उत्तर माझ्याकडे पोचलं पाहिजे: कमरेला पट्टा बांधून वर चढणार आहेस की बिनपट्ट्याचा. येणार आहेस की नाही, हे मी विचारलेलं नाही.

ज्योत्स्नाअक्का