मॉयराच्या दारातला सडा

५ जानेवारी, रविवार

बर्फ! रात्रभर पडला, घोट्याच्या वर. सकाळी दहाला अख्खी गल्ली फावडी घेऊन बाहेर. एडिनबराची ही पद्धत बरी आहे — मोठे रस्ते कौन्सिल बघते, आमच्यासारख्या चढावरच्या गल्लीला कोपऱ्यात एक पिवळी पेटी भरून देते, की तुमचं तुम्ही निस्तरा. पेटीत 'ग्रिट' म्हणून काहीतरी असतं. पाळ्या लावतो तो तीन घरं सोडून राहणारा गॉर्डन, रिटायर्ड बस ड्रायव्हर. ज्यांना वाकता येत नाही त्यांची दारं आधी, हा त्याचा नियम. म्हणून आमच्या शेजारची मॉयरा पहिली. एक्याऐंशीची आहे, एकटी राहते.

मला कुणी फावडं देईना. "आई, तू आत बस, प्लीज!" — विक्रांत. छत्तीस वर्षं म्युनिसिपालटीच्या शाळेत पोरं हाकली, आता मुलाच्या घरी खिडकीत बसून दुसऱ्यांचे कष्ट बघायचे.

६ जानेवारी, सोमवार

मॉयराने काचेतून हात केला. तिने विणून दिलेले हातमोजे घालून मीही केला. तिचं इंग्रजी मला कळत नाही, माझं तिला. तरी पटतं आमचं.

७ जानेवारी, मंगळवार

विक्रांत ऑफिसला, नात दीक्षा युनिव्हर्सिटीत. इथेच वाढलेली पोर, तिचं मराठी मी रोज सुधारते. बघते तर मॉयराच्या पायरीवर तांबूस माती पसरलेली, मुरूमच जणू! गॉर्डनच्या बुटांची असणार. बर्फ काढून लख्ख केलेलं दार, आणि पुन्हा पारोसं! मला राहवेना. शेजारीण आजारी असली की माझी आई आपल्या आधी तिच्या दारात सडा घालायची. झाडूने माती काढली, तांब्याभर कोमट पाण्याचा सडा घातला. फार दिवसांनी बरं वाटलं. कुणाच्या तरी उपयोगी पडले!

दुपारी — मॉयरा पडली. तिच्याच पायरीवर. खुब्याचं हाड मोडलं. अँब्युलन्स येईपर्यंत गॉर्डन तिच्याजवळ बसून होता. आजूबाजूला बिस्किटं सांडलेली, डबा खाली घरंगळत गेलेला. एवढ्या थंडीत कुठे निघाली होती ही?

८ जानेवारी, बुधवार

दीक्षाला विचारलं, पायऱ्यांवर ती तांबडी माती कसली असते गं?

"आजी, माती नाही. तेच तर ग्रिट आहे. सॉल्ट. त्याच्याने आइस नाही बनत."

मीठ! अगं, मीठ पांढरं असतं ना!

म्हणजे मी मीठ झाडून टाकलं आणि वरून पाणी घातलं. त्याची काच झाली. त्या काचेवरून ती पडली. मी पाडलं तिला.

विक्रांतला सांगितलं. पांढराफटक पडला. "आई, कुणाला काही बोलू नकोस. उगाच लीगल होईल. जस्ट लीव्ह इट."

११ जानेवारी, शनिवार

गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मॉयराच्या मुलीने विचारलंय — मंगळवारी पाळी कुणाची होती? गॉर्डनची. त्याचं उत्तर दीक्षाने वाचून दाखवलं. 'टाकलं होतं असं आठवतंय, पण आता माझा माझ्यावरच भरवसा नाही.' पाळ्यांची वही त्याने दुसऱ्याला देऊन टाकली म्हणे.

१२ जानेवारी, रविवार

बाबासाहेबांच्या फोटोपुढे मेणबत्ती लावून वंदनेला बसले. तीन शीलं म्हटली, चौथ्याला जीभ अडली. खोटं बोलणार नाही — पण मी बोललेच कुठे? गप्प तर आहे! असा वाद घालणाऱ्या पोराला मी बाकावर उभं केलं असतं.

१३ जानेवारी, सोमवार

पुन्हा बर्फ. मॉयराची पायरी कुणी झाडली नाही.

१४ जानेवारी, मंगळवार

गॉर्डनला सांगायला निघाले, तर विक्रांत आडवा आला. म्हटलं, "तुझ्या आईची चूक त्या माणसाच्या म्हातारपणावर खपवायची का रे?" बाजूला झाला बिचारा.

दीक्षाला घेऊन गॉर्डनकडे गेले. सगळं सांगितलं. तिने कसंबसं इंग्रजी केलं. 'सडा' शब्दापाशी फार वेळ अडखळली. गॉर्डन रागावला नाही. "सो आय डिड पुट इट डाऊन," एवढंच म्हणाला, दोनदा. म्हणजे, टाकलंच होतं मी. मग उठून भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. खांदे हलत होते.

निघताना म्हणाला, हे मॉयराला तुम्हीच सांगा. ग्रुपवर नको.

दीक्षाला म्हटलं, गुरुवारी हॉस्पिटलात जाऊ.

१६ जानेवारी, गुरुवार

हॉस्पिटल. मॉयरा केवढीशी झाली आहे! सांगितलं सगळं — माती, झाडू, पाणी. तिने माझा हात धरला आणि बराच वेळ बोलत राहिली. मी दीक्षाला कोपराने ढोसलं. "काय म्हणते? शिव्या देत असेल तर तेही सांग!"

"आजी, तिनी तुला विंडोमधून बघितला होता. तिला वाटला, तू तिच्या घरासाठी प्रे करते. ते बिस्किट तुझ्यासाठी होता. ती तुला थँक्यू बोलायला बाहेर आला."

ती आला. आज मी चूक सुधारली नाही.