बाबांनी गाळणी घासली

मेहुणेबुवांना,

कंबर धरल्यामुळे जमेल तितका वाकून नमस्कार. तुम्ही, वहिनी, पोरं मजेत असालच. इकडे तुमची ताई माझ्याशी बोलत नाही, एवढं सोडून सर्व क्षेम.

तुमचे बाबा राहायला आले आणि त्यांना वेळ जाईना. मी सोसायटीचा सेक्रेटरी, म्हणून इमारतीमागच्या सांडपाण्याच्या प्लांटवर देखरेख त्यांच्याकडे दिली (आमची कपाटं आवरण्यातून सुटतील, हा अंतस्थ हेतू). तिथे गोल हौदात मोठाले दगड भरलेत. वरून फिरत्या नळ्या सांडपाणी शिंपडतात, खालून ते बरंच निवळून येतं. ह्याला म्हणतात फिल्टर. फिल्टर म्हणजे गाळणी, असं बाबांनी ठरवलं आणि अख्ख्या सोसायटीनं माना डोलावल्या. दगडांवर बुळबुळीत थर दिसताच बाबा कडाडले, "गाळणीच एवढी घाण, तर पाणी काय डोंबलाचं साफ होणार?" मजूर लावून त्यांनी वरचे दगड ब्लीचिंग पावडरनं लख्ख घासून घेतले. शिवाय गाळणी जितकी बारीक तितकी चांगली, म्हणून वर बारीक खडी पसरली.

पाणी खडीवरच तुंबलं. असा वास सुटला, की खालच्या मजल्यावरच्या वकीलसाहेबांचा विकाऊ फ्लॅट बघायला आलेलं गिऱ्हाईक जिन्यातूनच परत फिरलं. लोक बाबांना टाळू लागले. बाबांचं जेवण सुटलं. एका सकाळी पाहतो तर बॅग भरून बसलेले.

शेवटी प्लांट बांधणाऱ्या इंजिनिअर बाई आल्या. म्हणाल्या, "बाबा, इथे गाळायचं नसतंच काही. दगड म्हणजे नुसती चाळ, भाडेकरू त्या बुळबुळीत थरात. जिवाणू आहेत ते, घाण खातात. तुम्ही त्यांना ब्लीचिंग पाजलंत, वर खडीनं त्यांची हवा कोंडलीत."

बाबांचा चेहरा पडला. "म्हणजे एवढे जीव मी मारले?"

"वाढतील हो पुन्हा!" बाई हसल्या. त्यांनी खडी उपसली, दुसऱ्या प्लांटवरचा गाळ आणून विरजणासारखा लावला. बाबा रोज खुर्ची टाकून हौदाशी बसू लागले. आणि परवा जिन्यातूनच आरोळी आली, "जावईबापू, बुळबुळीत झालं!" वासही गेला, वकीलसाहेबांनी त्यांना मिठी मारली हो!

असो. लोभ आहेच, तो वास येईपर्यंत टिकवावा.

तुमचा,
भावजी

ता.क. जिवाणूंना बाधेल म्हणून बाबांनी घरातलं फिनेल लपवलंय आणि मी त्यांची बाजू घेतली. ताईचा अबोला त्यावरून. तरी बाबांना दोनेक महिने तुमच्याकडे न्यावं, ही कळकळीची विनंती.

ता.क. दुसरा. बाबांनी खांद्यावरून हे वाचलं. आनंदानं तयार आहेत. तुमच्या बंगल्यासाठी बादलीभर विरजण सोबत आणताहेत. झाकण मात्र घट्ट लावू देत नाहीत. गाडी तुमचीच पाठवा.