बावन्न ठोके

३० ऑक्टोबर २००६, सोमवार

दारव्ह्याहून वाहिदभाईच्या जीपने बंजाऱ्यांच्या तांड्यावर पोचलो. बाजाराचा दिवस नव्हता, तरी माणसं एकमेकांच्या मांडीवर. रक्तदाबाचं यंत्र मी वाटभर माझ्या मांडीवर धरलं होतं. वाहिदभाई म्हणाला, ठवरेबाबू, नवरी नेल्यावानी धरून राह्यले तुम्ही त्या डब्ब्याले. हसू दे. पाऱ्याचं यंत्र आहे, एक हिसका बसला की आकडा खोटा बोलतो.

नव्या नोकरीसोबत ही रोजनिशी सुरू करतो. काम असं: रक्तदाबावरची एक नवी गोळी बाजारात येण्याआधी माणसाला कितपत लागू पडते आणि काय त्रास देते, ते पाहायचं. तांड्यातल्या बारा जणांना रोज एक गोळी, दर सोमवारी दाब आणि नाडी. दहावी नापासाला हे काम कसं मिळालं, असं लोहाऱ्यातले शेजारी विचारतात. वीस वर्षं औषधाच्या दुकानात उभा राहून डब्यांतल्या चिठ्ठ्या शब्दकोश उघडून वाचल्या, म्हणून मिळालं. यवतमाळच्या डॉक्टरीणबाईंनी चार हातांवर माझी परीक्षा घेतली आणि कान चांगला आहे म्हणाल्या.

तांड्याचे नायक हिरासिंग यांनी त्यांची बाहेरची खोली दिली. भाव पडल्यामुळे न विकलेला कापूस अर्ध्या खोलीत छातीपर्यंत भरलेला. अंग खाजतं, पण बाहेरचा आवाज आत येत नाही. नाडी ऐकायला उत्तम. खोलीला पाच उंच दगडी पायऱ्या आहेत. म्हणून आलेल्याला आधी बसवायचं, धाप पूर्ण जाऊ द्यायची, मगच पट्टा बांधायचा. हा माझा नियम.

४ नोव्हेंबर

लोक गोळी गिळतात की कोंबड्यांपुढे टाकतात, याची खात्री कशी करायची? कागदावर अंगठे झालेत, पण अंगठ्याने गोळी पोटात जात नाही. डोकं चालवलं. नायकांना सांगून बाराही जणांना जगदंबेच्या देवळापुढे उभं केलं आणि शपथ घ्यायला लावली: एक दिवसही गोळी चुकवणार नाही. ही युक्ती मला कोणी शिकवलेली नाही.

नायकांची बायको लालीबाई हिची पंचाईत झाली. दोन्ही दंडांवर कोपरापासून वर पांढऱ्या बांगड्या, पट्टा बसेना. काढा म्हटलं. त्यांच्यात या बांगड्या नवरा मेल्यावरच उतरतात. म्हणाली, कायले काढू बाबू, माहा बुढा जित्ता हाय ना अजून! हिरासिंग पायरीवरून ओरडले, काढ काढ, मी इतक्या सस्त्यात नाई मरत. तांडा हसला. मीही हसलो. शेवटी तिने डाव्या हातातल्या काढून पदराला बांधल्या. उजव्या तशाच ठेवल्या.

२७ नोव्हेंबर

दाब सगळ्यांचा छान उतरतो आहे. यवतमाळच्या बैठकीत डॉक्टरीणबाईंनी माझं नाव घेतलं: बाकी गावांतून माणसं गळाली, ठवऱ्यांचं एकही नाही. मी मागच्या बाकावर होतो. सगळे वळून पाहायला लागले. परतताना वाहिदभाईला भजी खाऊ घातली.

१८ डिसेंबर

लालीबाईला चक्कर येते. वेचणी सुरू आहे, दिवसभर वाकून काम. शिवाय कापूस घरात पडून, त्याची काळजी या तांड्यात कोणाला नाही? नाडी मात्र मंद. नियम असा की पन्नासच्या खाली गेली की गोळी बंद करून डॉक्टरीणबाईंना फोन. चव्वेचाळीस आली. पुन्हा मोजली, तेवढीच. ठोकेही वेगळे: तीन ठोके, मग एक रिकामी जागा, मग दोन घाईचे.

एक बाई गळाली तर पुढच्या बैठकीत काय तोंड दाखवायचं? तिला म्हटलं, जरा पायऱ्या उतरून चढून या. दोनदा केलं. धापा टाकत बसली आणि बावन्न भरली. बावन्न लिहिली. खोटी नाही. मोजलेलीच आहे.

२५ डिसेंबर

आज तीनदा चढायला लावलं. तिसऱ्यांदा भिंतीला हात टेकून उभी राहिली. म्हणाली, भरला का बाबू तुमचा आकडा?

भरला.

२८ डिसेंबर

लालीबाई गेली. शेतात, वेचता वेचता खाली बसली ती उठलीच नाही. ओटीत कापूस तसाच. तांड्यात म्हणतात, काळजीने गेली. मीही तसंच म्हणालो.

दारव्ह्याला जाऊन फोन केला. डॉक्टरीणबाईंनी एवढंच विचारलं, नाडी कधी पन्नासखाली आली होती का?

नाही म्हणालो.

१ जानेवारी २००७, सोमवार

उरलेले अकरा जण तपासले. पहिल्याच हातात तो ठोका. तीन, रिकामी जागा, दोन घाईचे. दुसऱ्या हातातही. अकराही हातांत. मनगट बोटांनी धरलं तर ज्याची त्याची नाडी. कानात नळी घातली की तिची.

सगळे गेल्यावर पट्टा सोडून टेबलावर ठेवला आणि ऐकलं. कोणाचाही हात नसताना—

यंत्राला हिसका बसला असेल.

४ जानेवारी

भर दुपारी पायऱ्यांवर कोणी चढतं आहे, उतरतं आहे. बांगड्या वाजतात, एकाच हातातल्या. दार उघडलं. ऊन, आणि कोणी नाही.

कापसामुळे बाहेरचा आवाज आत येत नाही. मीच लिहिलं आहे.

८ जानेवारी

हिरासिंगांची नाडी बोटांनीच मोजली. शेहेचाळीस.

म्हटलं, नायक, आजपासून गोळी बंद. कारण विचारलं. वरून सांगितलंय म्हणालो. म्हणाले, वरून कोन? देवीपुढं तं तुम्हीच उभं केलं आमाले. लालीनं मरेपर्यंत शपथ मोडली नाई, मंग मी कायले मोडू?

कारण एकच आहे. ते सांगितलं तर हा माणूस थांबेल. जिभेवर आलं होतं. म्हणालो, पाणी जास्त पीत जा.

डॉक्टरीणबाईंना फोन लावला. पलीकडून उचलायच्या आत ठेवला.

१२ जानेवारी

घरोघर गोळ्या परत मागितल्या. कोणी देत नाही. कोणीही मागितल्या तरी द्यायच्या नाहीत, हे मीच पढवलेलं. मलाच ऐकवतात, हसतात.

हिरासिंग भिंत धरून चालतात. सोमवारी सगळं सांगणार. डॉक्टरीणबाईंना नंतर, आधी त्यांना—

१५ जानेवारी, सोमवार

सकाळपासून शब्द घोटतो आहे. नायक, लालीबाईला गोळीने मारलं. मला माहीत होतं. मी—

पायऱ्यांवर पावलं. हिरासिंग. वर आले, आत नाही आले. उतरले. पुन्हा चढतात.

आतूनच ओरडून विचारलं, चढउतार काहून करता? धापांतून म्हणाले, लाली म्हणून राह्यली, असं केल्याबिगर बाबूचा आकडा भरत नाई.

उठायला हवं. धरून बसवायला हवं त्यांना. मी लिहितो आहे. लिहायचं थांबत नाही—

दोघांची पावलं. बांगड्या. दोघांची.

आता एकाचीच—

बांगड्या वाजायच्या थांबल्या.

दार. कापसाच्या ढिगात कोणी टेकून बसल्यासारखा खळगा पडतो आहे. टेबलावर डावा हात, उघडा, पट्ट्यासाठी पुढे केलेला. नळी टेबलावर आहे आणि ठोके माझ्या कानात. तीन. रिकामी जागा—

दुसरा हात पदरातून बाहेर काढते आहे. उजवा—

बांगड्या नाहीत. उजव्यातल्याही उतरल्या. म्हणजे बाहेर, पायरीवर, नायक—