खोपट्याचे चार गुडघे

प्रिय बोर्गहिल्डताई,

धाकट्या आयविंदचा नमस्कार. तुझी कंबर कशी आहे? मेंढ्या डोंगरावरून सुखरूप उतरल्या का? फियोर्डाच्या या काठाला आम्ही सगळे ठीक. बाबांचा नमस्कार मात्र लिहिता येत नाही. आईची होडी त्यांनी तुला न विचारता विकली तेव्हापासून तुम्हा दोघांचं बोलणं बंद आहे, आणि आधी कुणी बोलायचं हे काही तीन वर्षांत ठरलेलं नाही. पण मी तुला लिहायला बसलोय हे पाहून ते आत्ताच खोकले. तेवढा खोकला तू नमस्कारात धर. (फोनच केला असता, पण तू "हं" म्हणून ठेवून देतेस. पत्राला तशी सोय नाही.)

तर गोष्ट आपल्या खोपट्याची. हिवाळ्याच्या आत फियोर्डाकाठी स्वतःच्या खोपट्यात बसून कॉफी प्यायची, असं बाबांनी वसंतातच जाहीर केलं होतं. पुढच्या हिवाळ्याचं आपण काही सांगत नाही, असंही वर म्हणाले, त्यामुळे मला नाही म्हणता येईना. रस्त्याखालची सपाट हिरवळ मी दाखवली. तिथे पाया म्हणजे अर्ध्या दिवसाचं काम. पण बाबांना हवा होता वरचा तो बोडका, फियोर्डाकडे घसरता खडक, जिथे बकरीसुद्धा विचार करून पाय टाकते. का? तर हिरवळीवर चिखल होतो म्हणे. (त्या हिरवळीवर त्यांनी सगळा जन्म काढला. चिखल आत्ता दिसला.)

आता खडकावर पाया कसा घालायचा, हा प्रश्न आपल्या गावात मोठ्याने विचारू नये. मी तो दुकानात विचारला. संध्याकाळपर्यंत अंगणात तीन तज्ज्ञ हजर. आपला स्टाइनारदादा सगळी नोकरी बोगदे फोडण्यात घालवून बसलाय, त्याला सुरुंगाशिवाय काही सुचत नाही. "एक छोटासाच लावू रे," म्हणाला, "खडक कसा ताटासारखा होईल." माझा मेहुणा ट्रिग्वे शाळेत भूगोल शिकवतो, त्याचं मत खडीच्या भरावाचं. त्याने लगेच दोन ट्रॉल्या खडी ओतलीसुद्धा, आणि पहिल्याच पावसात ती फियोर्डात जाऊन बसली. शेजारच्या मागन्हिल्डकाकूंच्या आजोबांनी म्हणे नुसत्या दगडावर दगड रचून गोठा उभारला होता. (तो गोठा पडला तेव्हा काकू सात वर्षांच्या होत्या. मी ते बोललो नाही.) माझं स्वतःचं मत साधं होतं: खडकात भोक पाडावं, सळई रोवावी, सिमेंटचा खांब उभा करावा. ते ऐकून तिघंही माझ्याकडे दयेने पाहायला लागले.

शेवटी दुग्नाड ठरलं, आणि तिथेच घात झाला. नियम तुला ठाऊक आहे. गाव फुकट राबायला येतं, आपण वॅफल आणि तपकिरी चीज वाढायचं, आणि फुकट राबणाऱ्याला नावं ठेवायची नाहीत. चार कोपरे, चार माणसं, ज्याने त्याने आपल्या मनासारखा खांब करावा असा तोडगा निघाला. उंची किती? दोरी लावून माप सांगायला कुणी पुढे होईना, कारण माप सांगणारा माणूस शहाणपणा करतो असं दिसतं. मग ट्रिग्वे म्हणाला, "गुडघाभर ठेवू." सगळ्यांनी मान डोलावली. किती समंजस लोक आपण, असं वाटून मलाही बरं वाटलं.

ताई, प्रत्येकाने स्वतःच्या गुडघ्याने मोजलं, आणि तेही स्वतः उभा होता तिथून. डोंगराकडच्या वरच्या अंगाला स्टाइनारदादा आणि ट्रिग्वे, दोघंही दारात वाकून शिरणारे. फियोर्डाकडच्या खालच्या अंगाला मी आणि मागन्हिल्डकाकू, ज्यांचा गुडघा माझ्या पोटरीला लागतो. एक खांब दगडांचा, एक जाळीत भरलेल्या खडीचा, एक माझा सिमेंटचा, आणि स्टाइनारदादाचा कशाचा आहे ते तो सांगत नाही. त्यावर जमीन ठोकली, भिंती चढल्या, छप्पर बसलं. आत शिरून चहाचा डबा खाली ठेवला, तर तो घरंगळत माझ्या आधी खिडकीशी पोचला. मी सगळ्यांकडे पाहिलं. सगळ्यांनी फियोर्डाकडे पाहिलं. "नजारा छान आहे," ट्रिग्वे म्हणाला. "छानच," मी म्हणालो, आणि आणखी वॅफल वाढले.

गेला महिनाभर हेच चाललंय. कुणाला काही म्हणता येत नाही, आणि मी संताप नुसता कॉफीबरोबर गिळतोय. तू प्रकृतीला जप. मुलांना आशीर्वाद.

तुझा,
आयविंद

ता. क. मूळ काम राहिलंच. या शनिवारी सकाळच्या फेरीबोटीने ये. घरात तोंडावर बोलण्याची ताकद एकट्या तुझ्यात आहे. सगळ्यांना मी वॅफलच्या निमित्ताने बोलावतो. तू फक्त जमिनीवर एक गोटी ठेव आणि तोंड उघड.

ता. क. २. वरचं लिहून मी खोपट्यात जाऊन आलो. गोटी आणू नकोस. बाबा खांबांना हात लावू देत नाहीत. त्यांची झुलती खुर्ची भिंतीशी ठेवलेली असते, पण झुलता झुलता ती उतारावरून सरकत जाते आणि कॉफी संपेपर्यंत खिडकीला टेकते. त्या खिडकीतून फियोर्डापलीकडे नेमकं एकच घर दिसतं, आणि तेही स्वयंपाकघराच्या बाजूने. मी म्हटलं, बाबा, खुर्ची मागे घेऊ का? तर म्हणाले, "राहू दे. मी कुठे बघतोय? पायाच वाकडा आहे, खुर्ची जाते तिकडे, त्याला मी काय करणार?" मग थोड्या वेळाने म्हणाले, "पलीकडे कुणीतरी नवा पडदा लावलाय. जाड आहे. काहीच दिसत नाही."

ता. क. ३. शनिवारी जमलं नाही तरी चालेल, ताई. तो पडदा तेवढा काढ.